मदत हवी आहे : शिंगराचा आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडी) ५.२ आलाय, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) द्यावा का?

नमस्कार मंडळी. निफाडकडे आमची द्राक्षबाग आहे, आणि हौसेपोटी सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली एक मारवाडी घोडी. ती काल पहाटे व्याली. शिंगरू तासाभरात उभं राहिलं, लगेच सडाला लागलं, जारही वेळेत पडला. घोर चिकाचा आहे. व्यायच्या आधी दोन-तीन दिवस कास गळत होती, मागचे पाय पार चिकट झालेले. म्हणून शिंगरू प्यायच्या आधी चिकाचा थेंब बागेतल्या ब्रिक्स मीटरवर टाकला (मण्यांची गोडी बघतो तोच). रेघ १७ वर. चीक दिसायलाही पातळच, पिवळा दाट नाही.

डॉक्टरांनी वीस तासांनी रक्त घेतलं. आयजीजी ५.२ ग्रॅम प्रति लिटर. सगळीकडे ८०० हवं म्हणतात, मेळच लागेना! पांढऱ्या पेशी ७,८००, फायब्रिनोजेन (जंतुसंसर्गात वाढतं ते प्रथिन) नॉर्मल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ३.१ लाल अक्षरांत. टोटल प्रोटीन बरं आहे, मग काळजी नको, असं लॅबवाला म्हणतो. शिंगरू पितंय, उड्या मारतंय, ताप नाही. आमचे डॉक्टर मुख्यतः गाई-म्हशींचे, ते 'बघू या' म्हणतात. शेजारचे काका म्हणतात गाईचा चीक पाजा. काय करू?

प्रतिसाद :
दादा, आधी एककं. ५.२ ला शंभराने गुणा : ५२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ८०० च्या वर पुरेसं, ४०० च्या खाली संरक्षण मिळालंच नाही असं धरतात. तुमचं अधलंमधलं. ब्रिक्सही तेच सांगतोय, घोडीचा चीक २० च्या वर हवा. चांगला भाग गळून गेला.

काकांना नाही म्हणा. जारेतून शिंगराला अँटीबॉडी मिळत नाहीत, सगळी भिस्त चिकावर, आणि चोवीस तासांत आतडी ते शोषणं बंद करतात. आता कोणाचाही चीक पाजलात तरी रक्तात जाणार नाही. टोटल प्रोटीनवर विसंबू नका, त्यावरून आयजीजी कळत नाही. क्रिएटिनिन पहिल्या दिवशी चढं असू शकतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा, उतरायला हवं.

प्लाझ्मा घोड्याचाच लागतो, शिरेतून सावकाश, डॉक्टरांच्याच हातून. पन्नास किलोच्या शिंगराला एका लिटरने आयजीजी साधारण २०० ने वाढतो. पेशी ठीक, पितंय, गोठा कोरडा असेल तर मी प्लाझ्मा न देता थांबेन. पण तो कुठे मिळेल ते बघून ठेवा आणि रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. ३८.९ च्या वर गेला, सांधा सुजला किंवा नाळ ओली राहिली तर त्याच दिवशी डॉक्टर. कासेकडेही बघा. कास टच्च भरलेली आणि शिंगराच्या कपाळावर दूध सांडलेलं दिसलं, तर ते सडाखाली नुसतं उभं राहतंय, पीत नाही.

धागाकर्ता :
आभारी आहे दादा. आत्ताच पाहून आलो, कास मऊ आहे, कपाळ कोरडं. ताप ३८.४. प्लाझ्मासाठी पुण्याकडच्या स्टडफार्मवर विचारतो. नाशिक भागात कोणाला मिळाला असेल तर कृपया कळवा.