पाहुणे समुद्रासाठी येतात, पण सगळ्यांना समुद्र नीट दाखवायचा कसा?

प्रश्न: किनाऱ्यावरची

लग्नानंतर समुद्राजवळ राहायला आले, त्याला आता सहा वर्षं झाली. पाणी घरापासून चालत दहा मिनिटांवर. सुट्ट्या लागल्या की पाहुणे सुरू होतात. मला घर भरलेलं आवडतं, त्यामुळे कुणाला बोलावूच नका, असा सल्ला कृपया देऊ नका.

गेल्या वेळी भाऊजी, जाऊबाई, त्यांची दोन मुलं (वय ७ आणि १३) आणि सासरे असे चार दिवस होते. पहिल्या दिवशी दुपारी आले तसे लगेच किनाऱ्यावर गेलो, तर पाणी कुठल्या कुठे आत गेलेलं. चिखलातून चालता चालता धाकटा रडवेला झाला, “काकू, समुद्र कुठाय?” दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर पाणी थेट बांधाला टेकलेलं, टेकायलाही वाळू नाही. तिसऱ्या दिवशी मोठा पुतण्या कमरेएवढ्या पाण्यात खेळत होता आणि बघता बघता आमच्यापासून बाजूला सरकत बराच लांब गेला. भाऊजींनी धावत जाऊन हाताला धरून आणला. सगळं पाच मिनिटांत आटोपलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मी इथे राहते म्हणजे मला पाण्यातलं कळतं असं सगळे धरून चालतात. मला ते कळत नाही.

सासऱ्यांचे गुडघे दुखतात. वाळूत पाय रुततात म्हणून ते चारही दिवस घरीच बसले, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. पुढच्या महिन्यात सगळे पुन्हा येताहेत. तुम्ही कसं करता?

उत्तर: सुकती

ताई, मी समुद्राकाठीच वाढले, आता एक्कावन्न वर्षांची आहे. पाहुण्यांचा फोन आला की मी आधी तिथी बघते आणि मग गाद्यांचा विचार करते.

तुमचे पहिले दोन्ही दिवस वेळेमुळे गेले. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून आजची वेळ उद्या सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ‘रोज पाच वाजता समुद्रावर’ असा बेत टिकत नाही तो यामुळे. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. लहान मुलं घेऊन निवांत खेळायचं असेल तर मला भांगाचे दिवस आवडतात. खडकांमधल्या डबक्यांतले खेकडे, शंख, समुद्रफुलं दाखवायची असतील तर उधाणाची ओहोटी. पण तिथे पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी वळलं की आपणही वळायचं. सपाट किनाऱ्यावर भरतीचं पाणी नेहमी समोरूनच येतं असं नाही. आधी तुमच्या मागचा खोलगट भाग भरतो आणि परतीची वाट बंद होते.

आता पुतण्याबद्दल, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. तो आत न जाता बाजूला सरकला, म्हणजे किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह असावा. लाटा तिरप्या येतात तेव्हा असा प्रवाह होतो. पोरांना आपण हललोय हे कळतच नाही. हाच प्रवाह पुढे माणसाला रिप करंटमध्ये नेऊन सोडू शकतो, आणि ती ओढ मात्र सरळ आत नेते. ती जागा ओळखायला शिका. दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस होतोय आणि मधे एक शांत, गडद पट्टा दिसतोय, तर तिथूनच पाणी परत आत जातंय. नवखा माणूस नेमका तिथे उतरतो, कारण ती जागा शांत वाटते. जोराचा रिप सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेग घेतो, त्याच्याविरुद्ध पट्टीचा पोहणारासुद्धा टिकत नाही. सापडलंच तर किनाऱ्याकडे हातपाय मारत दमायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं.

मी पाण्यात जाण्याआधी मुलांना किनाऱ्यावरची एक खूण दाखवते, झाड किंवा खांब. “ही खूण समोरून हलली की बाहेर यायचं आणि चालत परत इथे यायचं.” एवढा एक नियम मुलं पाळतात. जीवरक्षक असतील तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, आणि नुसता लाल झेंडा असेल तर त्या दिवशी पाणी नाही म्हणजे नाही. पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून इथे कधीही माघार घेऊ नका. मी एकदा घेतली होती. सगळे सुखरूप परतले, पण त्या तासाभरात माझा जीव कसा झाला होता ते अजून आठवतं.

आणि बाबांना घरी ठेवू नका. पाय रुततात ते कोरड्या, भुसभुशीत वाळूत. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर हळूहळू छान चालता येतं. कोरडा पट्टा जिथे सगळ्यात अरुंद आहे ती जागा आदल्या दिवशी हेरून ठेवा. तेवढी पावलं दोघांनी धरून न्यायचं. माझ्या वडिलांना मी शेवटची तीन वर्षं असंच नेत होते.

उत्तर: दीपस्तंभ

वरचं सगळं पटलं. फक्त एक जोडतो, वेळा आपापल्या किनाऱ्याच्याच बघा. कॅनडात फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, भूमध्य समुद्राकाठी बऱ्याच ठिकाणी तो जेमतेम जाणवतो, आणि काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती असते.

बाकी घरातलं: दारात बादली-मग ठेवा, आणि पाय पुसून झाल्यावर टाल्कम पावडर लावा, उरलेली वाळू झटकन सुटते. ढगाळ आहे म्हणून सनस्क्रीन टाळू नका, दर दोन तासांनी पुन्हा लावा. वाहून आलेल्या जेलीफिशला मुलांना हात लावू देऊ नका, मेलेलीसुद्धा डंख करते.

उत्तर: डोंगरावरचा

मी दुसऱ्या बाजूने सांगतो, मी नेहमी पाहुणाच असतो. माझी मावशी समुद्राकाठी राहते. तिने आम्हाला चार दिवस फिरवलं होतं, त्यातलं आज फार थोडं आठवतं. पण एका अमावस्येच्या रात्री ती आम्हाला बॅटऱ्या बंद करायला लावून पाण्यापाशी घेऊन गेली. लाट फुटली की निळसर उजेड पसरायचा, पाय आपटला की पायाभोवती ठिणग्या. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा उजेड, असं तिने सांगितलं. तो रोज दिसत नाही हेही सांगितलं, म्हणून आम्ही अर्धा तास गप्प उभे होतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आज तुम्ही जा, मी घरी थांबते.” कुणालाही वाईट वाटलं नाही. ताई, तुम्हीही एखादा दिवस घरी थांबा.

प्रश्नकर्ती: किनाऱ्यावरची

सगळं वहीत उतरवलं. आत्ताच बघितलं, ते येताहेत त्या शनिवारी अष्टमी आहे. सुकतीताई, तुमचा निरोप बाबांना फोनवर वाचून दाखवला. थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, “घट्ट वाळू खरंच लागते का गं?” उद्या ओहोटीला मी एकटीच जाऊन ती अरुंद जागा शोधून येते. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची न्यायची आहे. ओल्या वाळूत तिचे पाय रुतू नयेत म्हणून खाली काय ठेवता तुम्ही, फळी चालेल का?