‘लिंकनने खोटी केस कधी घेतलीच नाही’? मग मॅटसन कोण?

जुनाट_कागद: काल इथे एकाने लिहिलं, ‘लिंकनने आयुष्यात खोटी केस घेतली नाही, आपल्या वकिलांनी शिकावं.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग. अहो, १८४७ साली केंटकीचा रॉबर्ट मॅटसन गुलामगिरीला बंदी असलेल्या इलिनॉयमधल्या शेतावर गुलाम राबवायचा. त्यांतली जेन ब्रायंट पोराबाळांसकट निसटली. ती परत मिळावी म्हणून मॅटसनतर्फे कोर्टात उभा कोण? आपला ‘ऑनेस्ट एब’! युक्तिवाद काय, तर गुलाम हंगामापुरते आणलेत, कायमचे नाहीत. जेन सुटली, पण लिंकन हरला म्हणून.

तारीख_पे_तारीख: मी स्वतः वकील आहे. अशिलाचं चारित्र्य बघून वकीलपत्र घ्यायचं ठरवलं तर कोर्टांना कुलूप लागेल. आणि १८४१ची, गुलाम म्हणून विकलेल्या नॅन्सची केस बरी विसरलात? तिच्या खरेदीची वचनचिठ्ठीच, म्हणजे पैसे देण्याचं लेखी वचनच, लिंकनने रद्द करवलं. इलिनॉयमध्ये माणूस स्वतंत्रच धरायचा, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाकडून वदवून घेतलं.

जुनाट_कागद: अशील नॅन्स नव्हती हो. चिठ्ठीचे पैसे द्यायचे नव्हते तो खरेदीदार होता.

बांधावरचा: वकिलांची आरती पुरे. आमच्या बांधाची केस चौदा वर्षं चालली. वकीलसाहेब दर तारखेला ‘जज रजेवर’ म्हणायचे आणि गाडीभाडं मात्र घ्यायचे. वडील गेले, बांध शेजाऱ्याकडेच. लिंकननेही ५००० डॉलर फीसाठी इलिनॉय सेंट्रल रेल्वेवर दावा ठोकलाच ना? सगळे एकाच माळेचे मणी.

तारीख_पे_तारीख: रेल्वेला काउंटीच्या करातून सोडवलं होतं त्याने, फुकट का म्हणून? खुनाचा आरोप असलेल्या डफ आर्मस्ट्राँगच्या केसमध्ये मात्र छदाम घेतला नाही, कारण डफच्या आईने पडत्या काळात याला जेवू घातलं होतं. साक्षीदार म्हणे, लख्ख चांदण्यात बघितलं. याने पंचांग पुढे केलं. चंद्र मावळतीला टेकलेला! तुमच्या वकिलाचा राग माझ्यावर काढू नका.

निवृत्त_बाई: तुम्ही भांडा. लिंकनचं हेडमास्तरांना पत्र मी तीस वर्षं मुलांकडून वाचून घेतलं. आमच्या स्टाफरूममध्ये फ्रेम होती त्याची.

जुनाट_कागद: बाई, ते पत्रही त्याचं नाही. त्याच्या संकलित लेखनात कुठेच नाही.

निवृत्त_बाई: म्हणजे आम्ही तीस वर्षं खोटं शिकवलं? त्या पत्राने माझ्या वर्गातली पोरं रडलीयेत. तुमच्या कागदांनी कोण रडलंय?

मागचा_बाक: पत्र चांगलंच आहे, फक्त खाली ‘अनामिक’ लिहा. कवितेखाली कवीचं नाव चुकलं म्हणून माझा अर्धा मार्क कापलेला तुम्हीच.

निवृत्त_बाई: कोण रे तू? कुठली बॅच?

बांधावरचा: आमच्याही शाळेत होती ती फ्रेम. मागे पाल राहायची.

तारीख_पे_तारीख: धागा वकिलीचा आहे, पालीचा नाही! बरं, मॅटसनचं वकीलपत्र घ्यायला नको होतं. झालं समाधान?

जुनाट_कागद: झालं. स्टॅम्पपेपरवर मिळेल का?

निवृत्त_बाई: बॅच सांगितली नाहीस अजून.