सहा तासांनी लॉगआउट: सिम-बाइंडिंगचा नियम नाशिकच्या कामधंद्याला झेपेल का?

अंबड_जॉबवर्क (धागाकर्ता)

दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला काढलेला आदेश आमच्या अंबड एमआयडीसीत फारसा कुणी वाचलेला दिसत नाही, म्हणून हा धागा. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल, आपलं देशी अरट्टाई, सगळ्यांना त्या आदेशाने ९० दिवसांची मुदत दिली. ज्या सिमवर खातं उघडलं, ते सिम त्या फोनमध्ये चालू असेल तरच ॲप चालेल, यालाच सिम-बाइंडिंग म्हणतात. आणि संगणकावर उघडलेलं व्हॉट्सॲप जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप लॉगआउट होईल. मग पुन्हा फोन आणा, क्यूआर स्कॅन करा.

सिमच्या अटीशी माझं भांडण नाही, सहा तासांशी आहे. आमच्या धंद्यात ड्रॉइंग, क्वोटेशन, चलनाचा फोटो, रिजेक्शनचा व्हिडिओ, सगळं व्हॉट्सॲपवर येतं आणि ऑफिसच्या संगणकावर उघडतं. फोन मालकाच्या खिशात, आणि मालक दुपारनंतर सिन्नरला नाहीतर चाकणला गिऱ्हाइकाकडे. ऑफिसातल्या मुलीने क्यूआर कशावर स्कॅन करायचा? डिस्पॅचची गाडी दारात उभी आणि चुकीच्या रिव्हिजनचं ड्रॉइंग हातात, असं एकदा झालं की अख्खा लॉट भंगारात जातो.

गुन्हेगाराला धरायचा नियम आहे की कामाच्या माणसाला? मतं मांडा.

सातपूर_कॅश_काउंटर

भाऊ, मी बँकेत आहे. काउंटरच्या अलीकडून काय दिसतं ते सांगते.

सत्तरीचे गृहस्थ येतात, मुदत ठेव मोडायची म्हणतात. फोन शर्टाच्या खिशात, कॉल चालूच. विचारलं तर "घरात लग्न आहे" एवढंच बोलतात, नजर वर करत नाहीत. पलीकडे व्हिडिओवर खोटा पोलीस बसलेला असतो आणि त्याने कुणाशीही बोलायचं नाही असं बजावलेलं असतं. डिजिटल अरेस्ट म्हणतात ते हेच. २०२४ या एका वर्षात देशभरात सायबर फसवणुकीत २२,८०० कोटींहून जास्त रुपये गेले, हा सरकारनेच संसदेत दिलेला आकडा आहे.

हे कॉल साध्या फोनवरून येत नाहीत, ॲपवरून येतात. भारतीय नंबरवर एकदा ओटीपी घेतला की सिम काढून फेकलं तरी खातं महिनोन्‌महिने चालतं. माणूस कंबोडियात बसलेला आणि स्क्रीनवर +९१. समोरच्याला वाटतं दिल्लीहूनच बोलतायत. ही फट बुजवायला सरकारने फार उशीर केला, असं माझं मत आहे. तुमच्या ऑफिसातल्या क्यूआरची अडचण मला समजते, पण दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नका.

कोड_कॉलेजरोड

ताई, फट खरी आहे. पण या नियमाने ती बुजते का, ते बघू.

आयफोनवर कुठल्याही ॲपला सिमचा कायमचा ओळख क्रमांक वाचता येत नाही. अँड्रॉइडनेही दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, साध्या ॲपांना तो वाचणं बंद केलं आहे, आणि ते आपल्याच खाजगीपणासाठी. म्हणून तर यूपीआय ॲप सुरू करताना तुमच्या फोनवरून एक एसएमएस जातो. तेवढीच खात्री, आणि तीही रोज रोज नाही. या आदेशाला मात्र "सतत" जोडणी हवी आहे. ती करायची तर फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच बदल हवेत, आणि ते ॲपवाल्यांच्या हातात नाहीत.

दुसरं, टोळीने सिमच कंबोडियात नेलं आणि रोमिंगवर ठेवलं तर? सिम फोनमध्ये, चालू, नियम पूर्ण पाळलेला. किंवा इथेच कुणाच्या भाड्याच्या खोलीत सिम बॉक्स बसवला, पन्नास सिमं एका डब्यात, इंटरनेटवरून आलेला परदेशी कॉल त्यातून लोकल होऊन बाहेर पडतो. ही हार्डवेअरची चोरी आहे. बनावट कागदांवरची सिमं विकणारा दुकानदार सुटतो तोवर ॲप बांधून काय होणार?

जुना_एक्स्चेंजवाला

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. मुलांनो, थोडं मागचं सांगतो.

इंटरनेटवरच्या बोलण्याची भीती नवीन नाही. १९९६ साली अमेरिकेत लांब पल्ल्याच्या छोट्या फोन कंपन्यांच्या संघटनेने एफसीसीकडे, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाकडे, अर्ज केला होता की संगणकावरून फोन करायचं सॉफ्टवेअर विकण्यावरच बंदी घाला. ती मागणी टिकली नाही. आपल्याकडे १ एप्रिल २००२ ला इंटरनेट टेलिफोनी उघडली, पण अर्धवट: संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला, मात्र भारतातल्या साध्या फोनवर नाही. तो दरवाजा उघडायला २०१८ उजाडलं. मधली सोळा वर्षं कशाला गेली? एसटीडी-आयएसडीचा महसूल वाचवायला. गिऱ्हाइकाचं हित त्यात कुठेही नव्हतं. खात्यात असूनही मी हे तेव्हा बोलत होतो.

म्हणूनच आजचा आदेश मला वेगळा वाटतो. यात मिनिटाचे पैसे मागितलेले नाहीत, ओळख मागितली आहे. आमच्या काळी लँडलाइन घ्यायची तर लाइनमन घर बघून जायचा. नंबर म्हणजे पत्ता होता. आज नंबर सुटा झाला, पत्ता हरवला. परवाना घेतलेल्या कंपनीला गिऱ्हाइकाची केवायसी करावी लागते, तपास यंत्रणेने कायदेशीर मागणी केली तर माहिती द्यावी लागते. तोच नंबर वापरून कोट्यवधी कॉल जोडणाऱ्या ॲपने यातलं काहीच का करू नये?

आणि रोमिंगचं म्हणाल, तर सिम परदेशात चालू राहिलं की ते ऑपरेटरच्या नोंदीत दिसतं. ज्या देशातून टोळ्या चालतात तिथे शेकडो भारतीय सिमं महिनोन्‌महिने रोमिंगवर असतील, तर ती शोधून तोडता येतात. फेकून दिलेलं सिम कसं शोधणार?

अंबड_जॉबवर्क

काका, रोमिंगचा मुद्दा पटला. पण "पैसे मागितलेले नाहीत" हे आजपुरतं. मोबाइल कंपन्या कित्येक वर्षं "सारखी सेवा, सारखे नियम" म्हणतायत, आणि त्यामागे नेटवर्कच्या खर्चात ॲपांनीही वाटा द्यावा ही मागणी आहे. २०१५ ला ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, ॲपांवरच्या नियमांबद्दल चर्चापत्र काढलं तेव्हा विरोधात दहा लाखांच्या वर ईमेल गेले. २०२० ला ट्रायने स्वतःच सांगितलं की या ॲपांवर वेगळ्या नियमांची सध्या गरज नाही. २०२३ ला पुन्हा तोच विषय चर्चेला, आणि त्याच डिसेंबरात १८८५ च्या तार कायद्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा. मंत्री म्हणाले ॲप त्यात येत नाहीत. मग आता त्याच कायद्याखालच्या सायबर सुरक्षा नियमांतून ॲपांना आदेश कसा निघाला? मला चुकीचा वाटतो तो हा मागचा दरवाजा. संसदेत सांगून करा, लोकांना विचारून करा.

गोदाकाठ

सरकारच्या संचार साथी ॲपचंही तेच झालं ना! प्रत्येक नव्या फोनमध्ये ते ॲप आधीच टाकून द्या, असा आदेश निघाला, लोक ओरडले आणि ३ डिसेंबर २०२५ ला सक्ती मागे घेतली. ॲप चांगलं आहे, चोरीला गेलेला फोन त्यावरून ब्लॉक करता येतो, माझ्या भावाने केला. पण न विचारता फोनमध्ये घुसवलं की चांगल्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो.

निफाडची_बाग

आमच्याकडे द्राक्षाचा माल जानेवारीपासून युरोपला निघतो. रॉटरडॅमचा खरेदीदार सकाळी नऊला ऑफिसात येतो तेव्हा आपल्याकडे दुपारचे दीड वाजलेले असतात. त्याचे प्रश्न संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात: मण्याचा आकार, रेसिड्यू रिपोर्ट (फवारणीच्या औषधांचे किती अंश उरले त्याचा), कंटेनरचं तापमान. पॅकहाउसच्या संगणकावर सकाळी आठला लॉगिन केलं की दोनला बाहेर, म्हणजे नेमकं तिकडचं काम सुरू होताना. फोन बागेत माझ्याजवळ. निफाडहून पिंपळगावला क्यूआर स्कॅन करायला रोज गाडी काढू का?

सिमची अट मला चालेल. सहा तास कुठून आणले, तेवढं कुणीतरी सांगा.

सातपूर_कॅश_काउंटर

सांगते. फसवणाऱ्या टोळ्या एका नंबरचं खातं वेबवर उघडून अनेक माणसांना वाटतात. फोन एका देशात, संगणक दुसऱ्या. दर काही तासांनी मूळ फोन हजर करावा लागला की हा कारभार अवघड होतो.

अंबडकर भाऊ, मागच्या दरवाजाचं म्हणता ते वकिलांनी ठरवावं. १ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अरेस्टचा तपास सीबीआयकडे दिला, इतकं हे वाढलंय. फसलेल्या माणसाला मी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावून देते, तेव्हा पहिल्या तासात पैसे अडले तर अडले. नंतर ते इतक्या खात्यांतून फिरलेले असतात की हाती काहीच लागत नाही. तो तास वाचवणारी कुठलीही अट मला चालेल.

अंबड_जॉबवर्क

मग मधला रस्ता असा. निमा आणि आयमा, दोन्ही उद्योजक संघटनांनी विभागाला लिहावं: सिमची तपासणी ठेवा, पण नोंदणीकृत व्यवसायाच्या संगणकाला सहा तासांतून सूट द्या. मी मसुदा करतो. ताई, तुमचीही सही हवी.

सातपूर_कॅश_काउंटर

अशी मोघम सूट मागितलीत तर सही करणार नाही. "व्यवसाय खातं" उघडायला आज काहीच लागत नाही, टोळ्या पहिल्या दिवशी तेच उघडतील. जीएसटी क्रमांक जोडल्याशिवाय सूट नको असं लिहा, मग वाचते.

निफाडची_बाग

शेतकऱ्याला जीएसटी क्रमांक नसतो, ताई. निर्यातीच्या प्रत्येक बागेची ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यात द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंद असते, प्लॉटनिहाय. मसुद्यात जीएसटी "किंवा" ती नोंद, असं घाला. नाहीतर ऐन हंगामात कारखाने सुटतील आणि बागा अडकतील.