गावाच्या मालकीचं इंटरनेट: आपल्या सहकाराला जमेल का?

ओढ्याकाठी: इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या डोंगराळ भागात बीफोरआरएन नावाची गावकऱ्यांची संस्था आहे. विखुरलेल्या वाड्यांपर्यंत फायबर न्यायला मोठ्या कंपन्या तयार नव्हत्या, म्हणून 2011 साली लोकांनीच ती काढली. संस्थेचे भाग (शेअर) विकून भांडवल जमवलं. शेतकऱ्यांनी रानातून वाट फुकट दिली आणि लोकांनी आपापल्या दारापर्यंतचे चर स्वतः खणले. आधी नळी पुरायची, मग दाबाच्या हवेने तिच्यातून काचेची बारीक तार पुढे सारायची. आज तिथे सेकंदाला 1 गिगाबिट वेग मिळतो, अपलोडलाही तेवढाच. आमच्या वाडीत मात्र बहिणीला पीक विम्याचा अर्ज भरायला खिंडीपर्यंत चढावं लागतं, दगडावर फोन ठेवून पान उघडायची वाट बघावी लागते. दूध संघ आणि साखर कारखाने उभारणाऱ्या महाराष्ट्राला हे का जमू नये?

खतावणी: बहिणीचे हाल कळतात, पण मुळा-प्रवरा विसरू नका. श्रीरामपूर-राहुरी पट्ट्यात वीज वाटणारी सहकारी संस्था होती ती. विजेची थकबाकी डोंगराएवढी झाली आणि 2011 साली परवाना संपल्यावर तो भाग महावितरणकडे गेला. माझं माहेर तिथलंच. चर एकदाच खणायचा असतो, बिल दर महिन्याला वसूल करावं लागतं. सभासदच मतदार असतो, मग त्याची जोडणी तोडायला संचालक धजतील का?

ओढ्याकाठी: वसुलीचा मुद्दा मान्य. पण वीज युनिटवर विकत घ्यावी लागते, जितकी वापरली तितकं देणं वाढतं. फायबरचा मोठा खर्च सुरुवातीलाच होतो, आणि त्यातला बराचसा मजुरीचा. मजुरी आमच्या हातात आहे.

तिसरी घंटा: मला बुडण्यापेक्षा विकलं जाण्याची भीती जास्त वाटते. इंग्लंडमधल्याच हल शहराची टेलिफोन सेवा 1904 पासून नगरपालिकेची. देशभर फोनचे खोके लाल, हलचे मलईच्या रंगाचे. चांगली चाललेली ती कंपनी 1999 साली शेअर बाजारात उतरवली आणि 2007 साली पालिकेने उरलेला हिस्साही विकला. ओढ्याकाठी, तुमची संस्था चालली तर दहा वर्षांनी गिऱ्हाईक दारात येईल. ‘नेटवर्क विकायचं नाही, शिल्लक गावाच्याच कामाला’ हे पोटनियमात पहिल्याच दिवशी लिहा.

खतावणी: पोटनियम बदलता येतात, बहुमत असलं की झालं. आणि पावसाळ्यात दरड कोसळून तार तुटली तर रात्री कोण जाणार? श्रमदानाचा उत्साह पहिल्या वर्षी असतो, ताई.

ओढ्याकाठी: दुरुस्तीला पगारी माणूस ठेवावाच लागेल, त्याचा पगार दरातच धरायचा. दूरसंचार खात्याच्या परवान्याचंही बघावं लागेल. आमचे 40 उंबरे आहेत. रविवारी देवळात बैठक आहे, तिथे आधी थकबाकीदाराची जोडणी तोडायचा नियम ठेवणार. पहिलं नाव माझ्या सख्ख्या चुलत्यांचं आलं तरी तोडायची, हे मी त्यांना कालच सांगितलंय. तो मंजूर झाला तरच भागाचे पैसे गोळा करू.