जोसलिन बेल यांचा प्रबंध पल्सारवरच होता का?

प्रश्न: खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल यांनी पीएचडी करत असताना पल्सार (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने पाठवणारा, वेगाने फिरणारा तारा) शोधला हे सर्वश्रुत आहे, परंतु त्यांचे पूर्वशिक्षण काय होते आणि प्रबंधाचा विषय कोणता होता?

उत्तर: १९६५ मध्ये ग्लासगो विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन त्या केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ अँटनी ह्यूइश यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागल्या. सुमारे साडेचार एकरांवर खांब रोवून, तारा जोडून रेडिओ दुर्बीण उभारण्यातच त्यांची सुरुवातीची दोन वर्षे गेली. प्रबंध मात्र रेडिओ स्रोतांच्या (रेडिओ लहरी पाठवणाऱ्या खगोलीय वस्तूंच्या) कोनीय व्यासांवर, म्हणजे त्या आकाशात किती मोठ्या दिसतात यावर होता. पल्सारला त्यात केवळ परिशिष्टात स्थान मिळाले.

उत्तर: मला त्यांची चिकाटी अधिक मोलाची वाटते. दररोज सुमारे ३० मीटर कागदावर उमटणारे आलेख त्या स्वतः डोळ्यांनी तपासत असत, म्हणूनच १९६७ मध्ये जेमतेम पाव इंचाची ती अनोळखी खूण त्यांच्या नजरेतून सुटली नाही. कागद अधिक वेगाने सरकवून नोंद घेतल्यावर दर १.३३ सेकंदांनी येणारी स्पंदने स्पष्ट दिसली. पल्सारच्या शोधासाठी ह्यूइश यांना मिळालेल्या १९७४ च्या नोबेलमधून त्यांना वगळले गेले, हा माझ्या मते अन्यायच होता.

उत्तर: पुढे त्या क्ष-किरण व गॅमा-किरण खगोलशास्त्राकडे वळल्या. २०१८ मध्ये मिळालेला ३० लाख डॉलरचा पुरस्कार त्यांनी भौतिकशास्त्रात पीएचडी करू इच्छिणाऱ्या, या क्षेत्रात अत्यल्प प्रतिनिधित्व असलेल्या गटांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दिला.