मदत हवी: पिवळा रंग हरताळ (आर्सेनिकचा) की शिशाचा?

फोंड्याहून: १८व्या शतकातलं राजस्थानी लघुचित्र आहे. पिवळ्या जाम्यावर (अंगरख्यावर) हातातली एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र, लावली. १०.५ केईव्हीला (हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) उंच शिखर येतं, यंत्र कधी आर्सेनिक म्हणतं, कधी शिसं. नमुना खरवडायची परवानगी नाही. सोमवारी चित्र पणजीला परत द्यायचंय, लवकर सांगा.

म्हापशेकर: व्होल्टेज? फिल्टर? ठिपका किती मिमीचा?

ताळगाव_लॅब: आर्सेनिकची के-अल्फा रेषा, म्हणजे मुख्य शिखर, १०.५४ला, शिशाची एल-अल्फा १०.५५ला. हातातल्या यंत्राला हे वेगळं काढता येत नाही, सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. आकडा वाचू नका, आलेख उघडा. आर्सेनिकची दुसरी रेषा ११.७३ला, शिशाची १२.६१ला.

मडगावची_ताई: इतकं कशाला? हरताळ म्हणजे आर्सेनिक सल्फाइड. गंधक दिसलं की प्रश्न मिटला.

ताळगाव_लॅब: नाही मिटत, ताई. गंधक २.३१ला आणि शिशाची एम रेषा २.३४ला. तिथेही तोच गोंधळ.

सांगे_संग्रह: पावसाळा आहे, आधी बुरशीचं बघा. फ्रेममध्ये भरपूर सिलिका जेल टाका.

मडगावची_ताई: भरपूर नको! आर्द्रता ८५ वरून एकदम ४० टक्क्यांवर आली तर वसली (चित्राचा थर चिकटवलेला जाड कागद) वाकते आणि सफेद्याचे, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाचे, पापुद्रे सुटतात. हळूहळू ५५पर्यंत आणा. पण धागा रंगाचा आहे.

फोंड्याहून: १२.६१लाही शिखर आहे. ४० केव्ही, ठिपका ८ मिमी.

म्हापशेकर: जामा केवढा? पाठीवर काय आहे?

फोंड्याहून: जामा ५ मिमी रुंद. पाठीवर शेंदरी पट्टी आहे, ती महत्त्वाची वाटली नाही.

म्हापशेकर: तिथेच घोळ आहे. ८ मिमीच्या ठिपक्यात शेजारचा सफेदाही आला. शिवाय ४० केव्हीचे किरण वसलीचे सगळे थर ओलांडून जातात. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, तुम्ही पाठ वाचताय. पट्टी पाठीमागे असेल पण पुढून कागद कोरा असेल अशा जागी रीडिंग घ्या. ३ मिमीचा कॉलिमेटर (ठिपका लहान करणारी नळी) असेल तर तो लावा. चित्राखाली हात धरू नका.

काणकोण_रमन: सरळ रमन करा (लेझरच्या विखुरलेल्या उजेडावरून पदार्थ ओळखायची चाचणी), ५३२ नॅनोमीटरचा लेझर. रमनच्या आलेखात हरताळ ३५४ला ओरडून सांगतो.

ताळगाव_लॅब: ५३२ला डिंकाची चमक सगळं झाकून टाकते. ७८५ घ्या, पॉवर १ मिलिवॉटच्या आत. जास्त दिलीत तर शेंदूर तापून मॅसिकॉट (शिशाचा पिवळा ऑक्साइड) होतो, म्हणजे चित्रावर डाग आणि निकालही खोटा.

मडगावची_ताई: आधी ६० पट भिंग आणि तिरपा उजेड. हरताळाचे कण अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे लकाकतात. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली झळझळीत पिवळं उजळलं तर पेवडीचा (जुन्या भारतीय पिवळ्या रंगाचा) संशय धरा.

ताळगाव_लॅब: रमन मिळेपर्यंत एक करा. व्होल्टेज १३ केव्हीवर आणा. शिशाची एल-अल्फा उठायला १३.०४ लागतात, आर्सेनिकला ११.८७ पुरतात. १०.५४ला जे उरेल ते आर्सेनिकच. सिग्नल क्षीण असेल, ३०० सेकंद मोजा.

फोंड्याहून: केलं. शिखर लहान आहे, पण आहे. भिंगाखाली पापुद्रेही लकाकतात. कोऱ्या जागी, पट्टीवर, ४० केव्हीला १२.६१ला शिखर आलं.

म्हापशेकर: म्हणजे शिसं निदान काही तरी पाठीचं आहे. फिल्टर अजून सांगितला नाहीत. तो कमी ऊर्जेचे किरण अडवतो, १३ केव्हीला काढला होता ना? राहिला असेल तर काढून पुन्हा मोजा.