अमेरिकेत भावाचं घर, एफएचए लोन: व्हॅल्युएशन कमी आलं तर टोकन बुडतं का?

मुलुंडची_प्राजक्ता

नमस्कार मंडळी, होम लोनबद्दल विचारायचंय पण घर इथलं नाही, न्यूजर्सीचं आहे, चालेल ना? धाकटा भाऊ तिकडे असतो, मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, आता ४,२०,००० डॉलरचं घर घेतोय. लोन एफएचएचं, म्हणजे सरकारी विमा असलेलं, त्यात डाउन पेमेंट साडेतीन टक्केच लागतं म्हणून. टोकनचे १०,००० डॉलर तो स्वतःचे भरतोय आणि बाकीचं डाउन पेमेंट, क्लोजिंगचा खर्च वगैरे मिळून साधारण १४ लाख रुपये बाबा त्यांच्या एफडी मोडून देतायत.

बाबांना टेन्शन वेगळंच आहे. २०११ मध्ये आम्ही बोरिवलीला रिसेलचा फ्लॅट बघितला होता, ६२ लाखांत ठरला, दोन लाख टोकन दिलं आणि मग बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत लावली ५४. लोन तेवढं कमी झालं, वरचे आठ लाख उभे राहिले नाहीत, आणि मालक म्हणाला मी काय करू, टोकन गेलं. वहीच्या फाडलेल्या पानावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून लिहिलेली ती पावती बाबांनी अजून एलआयसीच्या पिशवीत ठेवलीय. तर तिकडेही असंच झालं तर? भाऊ म्हणतो सरकारचा विमा आहे, काळजी कसली. बाबा म्हणतात विमा कोणाचा उतरवलाय ते आधी विचार.

नाइटशिफ्ट_मालाड

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी मालाडला माइंडस्पेसमध्ये सहा वर्षं यूएस मॉर्गेजच्या प्रोसेसला होतो, संध्याकाळी सातला लॉगिन आणि पहाटे पहिली बोरिवली लोकल, तेव्हा एफएचएच्या फायली रोज हातात असायच्या.

तो विमा बँकेचा असतो. भाऊ हप्ते भरू शकला नाही तर बँकेचं नुकसान एफएचए (अमेरिकन सरकारची गृहकर्ज विमा संस्था) भरून देतं, भावाचं घर वाचवत नाही. आणि प्रीमियम मात्र भावाच्याच खिशातून. सुरुवातीला लोनच्या १.७५ टक्के, म्हणजे ४,०५,३०० च्या लोनवर ७,०९३ डॉलरच्या आसपास (ते बहुतेक लोनमध्येच चढवतात), आणि वर वर्षाला ०.५५ टक्के, दर महिन्याला पावणेदोनशेच्या वर पडतात. डाउन पेमेंट १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर हा वार्षिक प्रीमियम लोन असेपर्यंत चालू राहतो, हे भावाला कोणी सांगितलंय का बघा, फायलींत बऱ्याच जणांना हे नंतर कळायचं.

आता टोकनचं. इथे मात्र तुमच्या बोरिवलीसारखं होत नाही. एफएचएच्या फाइलमध्ये ‘अमेंडेटरी क्लॉज’ नावाचा एक कागद असतो, अर्धं पानसुद्धा नाही. त्यात लिहिलेलं असतं की अप्रेझलमध्ये (तिकडचं व्हॅल्युएशन) किंमत ठरलेल्या रकमेपेक्षा कमी निघाली तर घेणाऱ्यावर घर घ्यायची सक्ती नाही आणि त्याचं टोकनही जप्त होणार नाही. घ्यायचंच असेल तर वरचा फरक खिशातून टाकून घेऊ शकतो, पण मर्जी त्याची. त्यावर घेणारा आणि विकणारा दोघांच्या सह्या लागतात, आणि हा कागद नसेल तर आमच्याकडे फाइल पुढे सरकायचीच नाही, मी स्वतः एका सहीसाठी फाइल चार दिवस होल्डवर ठेवलीय आणि टीम लीडरच्या शिव्या खाल्ल्यात. एजंट म्हणाला की ‘मार्केट गरम आहे, हे सोडून दे’ तर ऐकू नका, एफएचएमध्ये तो सोडायचा कागदच नाही.

एकच लक्षात ठेवा, हे संरक्षण अप्रेझलच्या किमतीपुरतं आहे. उद्या भावाला घर आवडेनासं झालं किंवा त्याची नोकरी बदलली तर टोकनचं काय ते करारातल्या बाकीच्या अटींवर.

आयसी_कॉलनीचा_शेजारी

वा, म्हणजे तिकडे व्हॅल्युएशन कमी आलं की टोकन परत, आणि आपल्याकडे व्हॅल्युएशन रिपोर्टची कॉपी बघायला मिळाली तरी नशीब. रेरा आल्यापासून बिल्डरकडे तरी बरंय, रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, ताबा लांबला तर व्याजासकट पैसे मागता येतात. पण रिसेलला रेरा कुठे लागतोय. तिथे अजून वहीचं पान आणि मालकाची नियत. मी तर आता सगळ्यांना सांगतो टोकन देताना पावतीतच लिहून घ्या, बँकेचं लोन अमुक रकमेचं मंजूर नाही झालं तर टोकन इतक्या दिवसांत परत. मालक तोंड वाकडं करतो, करू दे.

नाइटशिफ्ट_मालाड

शेजारी, हेच तर. त्यांनी ती ओळ छापूनच ठेवलीय, आपल्याला दरवेळी भांडून लिहून घ्यावी लागते.

प्राजक्ताताई, अजून दोन-तीन गोष्टी भावाला विचारा. विकणाऱ्याने घर कधी घेतलंय? घेऊन ९० दिवस व्हायच्या आत परत विकत असेल तर एफएचए लोनच मिळत नाही. ९१ ते १८० दिवसांत असेल आणि किंमत दुप्पट किंवा जास्त झाली असेल तर दुसरं अप्रेझल करावं लागतं, त्याचा खर्च भावाच्या माथी मारता येत नाही. स्वस्तात घर घ्यायचं, आत रंगरंगोटी आणि नवीन किचन टाकायचं आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं, त्यासाठी हा नियम. दुसरं, घर कोणत्या साली बांधलंय? १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, विकणाऱ्याला माहीत असलेलं सगळं लेखी सांगावं लागतं आणि तपासणीला १० दिवस द्यावे लागतात. आणि कुठे रंगाचे पोपडे निघत असतील तर एफएचएचा अप्रेझर तेही लिहितो, मग क्लोजिंगच्या (घर नावावर होण्याच्या) आधी खरवडून रंगवून द्यावं लागतं. व्हरांड्याच्या कठड्याचा रंग उडाला म्हणून दोन आठवडे लांबलेली फाइल मी बघितलीय.

आणि अप्रेझल म्हणजे इन्स्पेक्शन नाही! अप्रेझर किंमत बघतो आणि घर राहण्यालायक आहे का ते वरवर बघतो. छत गळतंय का, बॉयलर किती दिवस टिकेल, हे इन्स्पेक्टरच सांगणार, त्याचे पैसे भावाने वेगळे द्यायचे. एफएचए स्वतःच एक कागद देतं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की स्वतःच्या संरक्षणासाठी इन्स्पेक्शन करून घ्या, लोक न वाचता सही करतात.

न्यूजर्सीत एजंटने बनवलेल्या करारावर सह्या झाल्या की तीन कामकाजाचे दिवस वकिलाला मिळतात, त्यात तो करार बदलायला सांगू शकतो किंवा रद्दही करू शकतो. ते तीन दिवस फुकट घालवू नका.

मुलुंडची_प्राजक्ता

बापरे, घर १९५६ चं आहे. आत्ताच व्हॉट्सअ‍ॅप केला त्याला. अमेंडेटरी क्लॉज म्हटल्यावर म्हणतो ‘हां ते पॅकेटमध्ये असेल’, म्हणजे वाचलेलं नाही 🙄

अजून एक, बँकेने बाबांकडून गिफ्ट लेटर मागितलंय, त्यात लिहायचं की हे पैसे परत घेणार नाही. बाबा थोडे दुखावलेत, म्हणतात मुलाला पैसे देतोय आणि बँक मलाच लिहून मागते?

सीए_डोंबिवली

यात मानापमान काही नाही, एफएचएला एवढंच बघायचं असतं की हे पैसे म्हणजे लपवलेलं कर्ज तर नाही, कारण कर्ज असेल तर हप्ता फेडायची ताकद कमी होते. लेटरमध्ये नाव, पत्ता, फोन, नातं, रक्कम आणि परतफेड नाही हे वाक्य. सोबत बाबांच्या खात्यातून पैसे निघाल्याचा पुरावा, म्हणून एफडी मोडल्याची पावती, पासबुकाची एन्ट्री, वायरचा कागद सगळं जपून ठेवा.

इथून पाठवताना एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) जातं, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. पण आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर जे जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ टॅक्स) कापते. १४ लाख बाबांनी एकट्याने पाठवले तर ८०,००० अडकतील, रिटर्न भरताना वळते होतात किंवा रिफंड येतो पण तोपर्यंत अडकलेच ना. आईच्या नावावर तिच्या स्वतःच्या एफडी असतील तर दोघांनी सात-सात पाठवा, मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी आहे. मग गिफ्ट लेटरही दोन लागतील. मुलाला दिलेल्या भेटीवर इथे टॅक्स नाही, आणि तिकडे परदेशातून वर्षात १,००,००० डॉलरच्या वर आले तर त्याला तिकडच्या टॅक्स खात्याकडे फॉर्म ३५२० भरावा लागतो, तुमचं त्यात बसत नाही.

नाइटशिफ्ट_मालाड

बरं झालं ग्रीन कार्ड आहे ते. २५ मे २०२५ पासून एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांना एफएचए बंद केलंय, ज्यांचा भाऊ-बहीण व्हिसावर आहे त्यांनी हा धागा वाचून टोकन भरून बसू नका.

मुलुंडची_प्राजक्ता

सगळ्यांचे आभार. आईच्या नावावर साडेसहा लाखांची एफडी निघाली, म्हणजे बाबांनी साडेसात पाठवायचे. भावाने शेवटी पॅकेट उघडलं, क्लॉज आहे, पण विकणाऱ्याची सही अजून झालेली नाही, एजंटला म्हणाला आधी सही आण मग टोकनचं बघू. बाबांनी तो कागद मला मोबाइलवर मोठा करून वाचायला लावला, दोनदा. मग विचारलं हे बोरिवलीला का नव्हतं.

आयसी_कॉलनीचा_शेजारी

काकांना सांगा, आमच्या सोसायटीत वन बीएचके निघालाय, पावती मी लिहून देतो 😄